कपाशीच्या पऱ्हाट्या जाळू नयेत म्हणून गावाला श्रेडर (कुट्टी करणारं यंत्र) हवाय, कसा घ्यावा?

मदत हवी आहे. गाव चोपडा तालुक्यात (जि. जळगाव). कापसाची शेवटची वेचणी झाली की बांधाबांधावर पऱ्हाट्या (कपाशीची वाळकी झाडं) पेटतात. संध्याकाळी धूर खाली बसतो, वाळत घातलेल्या गोधड्यांनाही वास लागतो, आईचा दमा उफाळतो. पण शेतकऱ्याला दोष देववत नाही. गुलाबी बोंडअळीमुळे पऱ्हाट्या शेतात ठेवता येत नाहीत, आणि गॅस आल्यापासून चुलीलाही फारसं कुणी नेत नाही.

गेल्या हंगामात श्रेडर भाड्याने आणून चार शेतांत चालवला. कुट्टी छान झाली, जमिनीत गाडलीही, पण भाडं एकेकट्याला झेपेना. महाडीबीटीवर (सरकारी अनुदानाच्या अर्जांचं पोर्टल) वैयक्तिक अर्ज केला, सोडतीत नंबर लागला नाही. राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमात (२०१९) जळगाव आहे, पण शहर म्हणून; आमचं खेडं त्यात बसत नाही. दंडाचा ठराव ग्रामसभेला नको आहे, मलाही नको. ट्रॅक्टर गावात आहेत, फक्त यंत्र हवं, तेही पुढच्या वेचणीआधी.

ग्रामपंचायतीच्या नावाने श्रेडर घेता येतो का, की शेतकरी गट करून अवजार बँकेसाठी (गटाने यंत्रं घेऊन भाड्याने द्यायची सोय) अर्ज करावा? ज्यांनी हे केलंय त्यांना कोणती कागदपत्रं लागली आणि यंत्र हातात यायला किती महिने गेले?