बालविभागाला कुलूप घालून 'मुलं वाचत नाहीत' म्हणणाऱ्यांना

देवघेव_खिडकी
कोकणातल्या वाचनालयांच्या व्हॉट्सॲप गटावर परवा एका कार्यवाहांनी लिहिलं : "मुलं मोबाईलवर आहेत. बालविभागासाठी नवी पुस्तकं घेणं ही अनुदानाची उधळण. त्या पैशांत स्पर्धा परीक्षेचे संच घ्या, चार पोरं तरी नोकरीला लागतील." खाली अंगठ्यांची रांग. तिथे उत्तर द्यायला जागा नव्हती, म्हणून इथे लिहितोय.

मुलं वाचत नाहीत हे ठरवलं कुणी? बालविभाग म्हणजे अध्यक्षांच्या खुर्चीमागचं काचेचं कपाट. त्याची किल्ली कार्यवाहांकडे आणि कार्यवाह बाजारात. मुलाने पुस्तक मागायचं कुणाकडे? तपासणीच्या दिवशी कपाट उघडतं, दाखल नोंदवहीशी पुस्तकं ताडून होतात, पुन्हा कुलूप. वर्षअखेर बालविभागाची देवघेव नगण्य दिसली की म्हणायचं, बघा, मुलं येतच नाहीत.

खरेदी कशी होते तेही आपण सगळे जाणतो. अनुदानाचा हप्ता मार्चच्या तोंडावर हातात पडतो आणि 31 तारखेच्या आत खर्च दाखवायचा असतो. विक्रेता टेम्पो घेऊन दारात उभा. जो जास्त सूट देईल त्याचा संच घ्यायचा. पिना मारलेल्या थोर पुरुषांच्या पुस्तिका, त्याच इसापाच्या गोष्टी, कुठून तरी उचललेली चित्रं. नग भरतात, बिल जुळतं. त्यातलं एक पुस्तकसुद्धा वाचनालयाच्या कार्यकारी मंडळातल्या कुणी उघडून पाहिलेलं नसतं.

सगळ्यांत वाईट अवस्था बारा ते सोळा वयाची. चित्रांची पुस्तकं संपली की मूल थेट मोठ्यांच्या कादंबऱ्यांसमोर उभं राहतं. मध्ये काहीच नाही. आमच्याकडे आठवीतला एक मुलगा राजापूर तालुक्यातल्या बारसूच्या सड्यावरची, म्हणजे उघड्या कातळपठारावरची, कातळशिल्पं बघून आला आणि विचारायला लागला, यावर काही आहे का? 2022 मध्ये ही शिल्पं युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत गेली. जगाला दिसली. माझ्याकडे त्याला द्यायला मोठ्यांसाठीचा एक जाड ग्रंथ होता. दोन दिवसांत परत आणून दिला, आणि नंतर तो वाचनालयात आलाच नाही. ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचं 1931 मधलं सूत्र ग्रंथपालाच्या प्रमाणपत्र परीक्षेला आपण सगळ्यांनी पाठ केलं होतं, प्रत्येक वाचकाला त्याचा ग्रंथ. या मुलाचा ग्रंथ कुठे होता?

माझी मागणी साधी आहे. ग्रंथखरेदीतला तिसरा हिस्सा बालविभागाला द्या, त्यातला निम्मा बारा ते सोळा वयासाठी. आणि पुस्तक विकत घेण्याआधी ते कुणीतरी वाचा.

सडा_आणि_सुरंगी
ती पोस्ट माझी आहे. नाव टाळलंत त्याबद्दल आभार, पण कपाटाचं वर्णन वाचून गावातल्या सगळ्यांनी ओळखलं असणार.

सरकारी दर्जात तुमचं वाचनालय 'ब' वर्ग. पगारी माणसं आहेत, पुस्तकांची देवघेव बघणारा निर्गम सहायक आहे. मी देवगड तालुक्यातलं 'ड' वर्ग, म्हणजे सगळ्यांत खालच्या दर्जाचं, चालवतो. 'ड' वर्गाचं वर्षाचं अनुदान 30,000 वरून 48,000 झालं तेव्हा पेपरात मोठी बातमी आली होती. 48,000 म्हणजे महिन्याला 4,000. त्यात ग्रंथपालाचं मानधन, वीजबिल, वर्तमानपत्रं आणि दर पावसाळ्यात कौलं फिरवणं. एका चांगल्या रंगीत पुस्तकाला दीडशे-दोनशे मोजायचे आणि जुलैत त्याची पानं एकमेकांना चिकटलेली बघायची. कुलूप मी हौसेने लावत नाही. उघड्या फळीवरची पुस्तकं एकदा गेली ती परत आली नाहीत, आणि ती रक्कम भरून द्यायला मंडळातला कुणीही पुढे आला नाही.

माझा पुतण्या याच वाचनालयाच्या अभ्यासिकेत बसून तलाठी झाला. घरात टेबल नव्हतं, पुस्तकं घ्यायची ऐपत नव्हती. त्याच्या आईला जाऊन सांगा की संच घेणं चुकीचं होतं.

वाशिष्ठीकाठची
सर, पुतण्याचं मनापासून अभिनंदन. पण तो तलाठी झाला तो वाचता येत होतं म्हणून. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायची ताकद विसाव्या वर्षी संच आणून येत नाही. माझ्या नववीच्या वर्गात दहा ओळींचा उतारा वाचून त्यातलं एक वाक्य स्वतःच्या शब्दांत सांगता न येणारी मुलं आहेत. हुशार आहेत, समुद्राची भरती-ओहोटी तोंडपाठ आहे, पण पाठ्यपुस्तकापलीकडे त्यांनी काही वाचलेलंच नाही.

पाण्याचं आणि बुरशीचं दुःख चिपळूणकरांना सांगू नका. 2005 च्या आणि 22 जुलै 2021 च्या पुरात इथल्या 1864 पासूनच्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरलं, पुस्तकं गेली. तरी वाचनालय पुन्हा उभं राहिलं. पुस्तकं भिजतात म्हणून पुस्तकं घ्यायचीच नाहीत, असं इथे कुणी म्हटलं नाही.

पैसे नसतील तर फुकटचं तरी वापरा. बालभारतीचं 'किशोर' 1971 पासून निघतंय, जुने अंक नेटवर मोफत आहेत. प्रथम बुक्सचं स्टोरीवीव्हर 2015 पासून आहे. मराठी गोष्टी वाचनपातळीप्रमाणे लावलेल्या, परवाना खुला, श्रेय देऊन छापून वाटता येतात. नॅशनल बुक ट्रस्टचं राष्ट्रीय ई-पुस्तकालय आहे, त्यात 11 ते 14 आणि 14 ते 18 असे वेगळे गट केलेत. बालविभाग उभारायला राजा राममोहन रॉय ग्रंथालय प्रतिष्ठानाची मदतीची योजना आहे. यातल्या एकाचा तरी अर्ज तुमच्या फायलीत आहे का?

आंबोळी_घावणे
बाई, ह्यां सगळां खरां, पण रेंज खंय आसा? आमच्या वाडीत फोन लावूक माडाखाली जावचा लागता. ई-पुस्तकालय खंय उघडतलां?

देवघेव_खिडकी
आंबोळी, बरोबर. शिवाय स्टोरीवीव्हरवरच्या बहुतेक गोष्टी लहान मुलांसाठी आहेत. चौदा वर्षांच्या मुलाला ते दिलं तर तो अपमान समजतो. छापील पुस्तकाला पर्याय नाही.

अंधेरी_ते_आडिवरे
पैशांवर एवढं भांडण कशाला? आमच्या सोसायटीतून दर गणपतीला मी दोन-तीन खोकी पुस्तकं घेऊन येतो, गाडीभाडं माझं. वाचनालयवाले खोकी कोपऱ्यात ठेवतात, पुढच्या वर्षी तिथेच असतात. दिलेल्याची किंमत ठेवायला शिका, मग अनुदानासाठी रडा.

देवघेव_खिडकी
आता बोलतोच. तुमची खोकी मी उघडली आहेत, म्हणजे तुमच्यासारख्यांची. आत काय असतं? अभ्यासक्रम बदलून काळ लोटला तरी अकरावीची जुनी गाइडं, अर्धा इंग्रजी ज्ञानकोश, पेनाने सोडवलेली शब्दकोडी, एका कंपनीचा वार्षिक अहवाल. एका खोक्यात लग्नाचा अल्बम निघाला. तुमच्या घरात जागा व्हावी म्हणून आमच्या घरातली जागा जाते. दाखल करावं तर देखभालीची जबाबदारी आमची. नाकारावं तर गावात बोभाटा, मुंबईकरांनी प्रेमाने दिलं आणि यांनी परत पाठवलं.

अंधेरी_ते_आडिवरे
अल्बम माझा नव्हता. आणि "तुमच्यासारखे" म्हणजे कोण? गावातलं देऊळ, शाळेची संरक्षक भिंत, वाचनालयाचा पत्रा, सगळं मुंबईच्या पैशांवर उभं आहे. तेव्हा चाकरमानी चालतो, पुस्तकं दिली की रद्दीवाला?

आंबोळी_घावणे
पत्रो दिलास ता खरां. पण पत्र्यार तुमचां नाव केवढां मोठां, वाचनालयाचां केवढां बारीक!

सडा_आणि_सुरंगी
आंबोळी, अशी भाषा नको. यांच्या मुंबईच्या मंडळाने छप्पर दिलं म्हणून त्या वर्षी आमची पुस्तकं वाचली. पण भाऊ, एक गोष्ट मलाही बोलायची आहे. तुमच्या खोक्यांचं वजन किलोत मोजून तुमच्या मंडळाच्या पत्रकात "ग्रंथदान" म्हणून छापलं होतं. ग्रंथ किलोत मोजत नाहीत. त्याच खर्चात आमच्याकडून यादी मागवून पाच नवी पुस्तकं दिली असती तर मी स्वतः टाळ्या वाजवल्या असत्या.

देवघेव_खिडकी
यादी! मी याचसाठी भांडतोय. आणि आता कार्यवाह स्वतःच नवी पुस्तकं मागतायत.

सडा_आणि_सुरंगी
दुसऱ्याच्या पैशाने येत असतील तर मागेनच. अनुदानातून नाही.

पालक_गुहागर
तुम्ही सगळे पुस्तकं घ्या म्हणताय, आतलं कुणी वाचलंय का? माझ्या मुलीने सातवीत असताना एक नवं किशोर पुस्तक आणलं. आईवडील वेगळे राहतात, मुलगी चिडलेली, शेवटी कुणी कुणाची माफीही मागत नाही. वरून मासिक पाळीवर सरळ प्रकरण. हे घरात बोलायचे विषय आहेत. साने गुरुजी याच मातीतले, दापोलीजवळच्या पालगडचे. त्यांच्या जिल्ह्यात मुलांना हे वाचायला द्यायचं? मी मंडळाला पत्र देऊन ते पुस्तक बाजूला काढायला लावलं आणि पुन्हा तेच करीन.

वाशिष्ठीकाठची
घरात बोलायचे विषय घरात बोलले जातात का? मी पंधरा वर्षांहून जास्त काळ मुलींच्या वर्गाला शिकवतेय. पाळी आल्यावर आपल्याला मोठा आजार झालाय असं समजून दोन दिवस रडलेली मुलगी माझ्या वर्गात होती. आईने तिला एक शब्द सांगितला नव्हता. आमच्या शाळेच्या ग्रंथालयातलं तसंच एक पुस्तक मुली घरी नेत नाहीत, मागच्या बाकावर उभ्या उभ्या वाचून परत ठेवतात. कोपरे झिजलेत त्याचे. तुम्ही बाजूला काढलेलं पुस्तक कुठल्या मुलीला हवं होतं, हे तुम्हाला कधीच कळणार नाही.

आणि वेगळे राहणारे आईवडील? माझ्या वर्गात बाप मुंबईत, आई इथे, वर्षातून दोनदा भेट, अशी कितीतरी घरं आहेत. त्या मुलांना वाटतं की आपलंच घर मोडकं आहे. त्यांनी आपल्यासारखं घर पुस्तकात का वाचू नये? साने गुरुजींनी मुलांना रडू दिलं होतं, दुःख लपवलं नव्हतं. त्यांचं नाव घेऊन पुस्तक काढायला लावू नका.

पालक_गुहागर
तुमच्या वर्गातल्या मुलीसाठी माझ्या मुलीने का वाचायचं? वयोगट छापलेला असतो, तो बघून द्यायची जबाबदारी ग्रंथपालाची. ती त्याने पाळली नाही एवढंच माझं म्हणणं होतं.

देवघेव_खिडकी
इथे मी तुमच्याशी सहमत आहे, आवडत नसलं तरी. पुस्तक देताना मुलाचं वय बघून दोन शब्द बोलणारा माणूस खिडकीत हवा. तो ठेवायला पैसे नाहीत, ही आपली सगळ्यांची रड आहे. पण त्यावर उपाय पत्र देऊन पुस्तक काढणं नाही. तुमच्या मुलीला ते नको असेल तर तिच्या कार्डावर तशी नोंद करा, मी पाळीन. इतरांच्या मुलींच्या वतीने मात्र तुम्ही सही करू शकत नाही.

अंधेरी_ते_आडिवरे
बरं. यादी पाठवा. पाच नाही, पंचवीस पुस्तकांची. पण पुस्तकावर शिक्का आमच्या मंडळाचा लागला पाहिजे.

आंबोळी_घावणे
बारीक शिक्को.

देवघेव_खिडकी
शिक्का आतल्या पानावर लागेल, दात्यांच्या नोंदीसह. यादी मी एकटा करणार नाही. मे महिन्यात सुट्टीला आलेली आणि इथली मुलं मिळून करतील, वाशिष्ठीकाठच्या बाई वयोगटाप्रमाणे तपासतील. कातळशिल्पं, कासवं, खारफुटी यांवर मुलांसाठी मराठीत जे काही छापलेलं मिळेल ते आधी. पालकसाहेब, यादी तुम्हालाही पाठवतो. हरकत असेल तर पुस्तक वाचून मगच कळवा.

सडा_आणि_सुरंगी
मुंबईच्या पुस्तकांसाठी कपाटाचं कुलूप काढतो. दुपारी चार ते सहा, माझी सून बसेल. पुस्तकं हरवली तर भरपाई तुमच्याकडून लिहून घेईन. आणि अभ्यासिकेच्या पैशांना कुणी हात लावला तर सर्वसाधारण सभेत मी उभा राहीन, हे आत्ताच सांगून ठेवतो.

देवघेव_खिडकी
भरपाईचं पत्र सोमवारी पाठवतो. तिसऱ्या हिश्श्याचा ठराव मीही सभेत मांडणार आहे. तुम्ही उभे राहा, मीही उभा राहीन.