अनुभव धागा: ‘बिहेस्ट’ तुम्हाला कुठे भेटला?

धागाकर्ती: इंग्रजी बातम्यांत ‘अमक्याच्या बिहेस्टवरून’ असं हमखास असतं. अर्थ हुकूम, सांगणं. पण जुन्या इंग्रजीत ‘बिहॅस’ म्हणजे चक्क वचन! शेवटचा ‘ट’ मागाहून चिकटला. बायबलातल्या ‘वचनदत्त भूमी’ला मध्ययुगीन इंग्रजीत ‘बिहेस्टची भूमी’ म्हणत. तुमचे किस्से येऊ द्या.

काळा कोट: ज्युनियर असताना एका निकालाचं भाषांतर करत होतो. हत्यार ‘ॲट द बिहेस्ट ऑफ द अक्यूज्ड’ जप्त झालेलं. मी ठोकून दिलं, ‘आरोपीच्या आदेशावरून’. सिनियर म्हणाले, “आरोपी आदेश देतोय आणि पोलीस पाळतायत, होय रे?” पुरावा कायद्याच्या जुन्या कलम २७ खालची जप्ती ती. आरोपी निवेदन करतो, मग पंचांसमक्ष जागा दाखवतो. शेवटी ‘आरोपीने दाखवून दिल्यावरून’ असं केलं. अजून चिडवतात.

जर्मनची विद्यार्थिनी: आमच्या क्लासचं पहिलंच वाक्य ‘इश हाइसं’, माझं नाव अमुक. याच ‘हाइसन’चा भाऊ जुन्या इंग्रजीतला ‘हातन’. हाक मारणं, नाव असणं आणि हुकूम सोडणं, तिन्ही त्यातच. ‘बिहेस्ट’ त्याच घरातला.

मुक्काम इंग्लंड: ऑक्सफर्डच्या अ‍ॅशमोलियन म्युझियममध्ये ‘आल्फ्रेड ज्वेल’ पाहिला. जेमतेम अडीच इंचांचा दागिना, १६९३ साली सॉमरसेटमध्ये सापडलेला. कडेने सोन्यात अक्षरं: ‘आल्फ्रेडने मला घडवायला सांगितलं.’ हा आल्फ्रेड म्हणजे नवव्या शतकातला राजा, असं मानतात. ‘सांगितलं’ला तिथे ‘हेह्त’ आहे, वर आलेल्या ‘हातन’चंच भूतकाळी रूप. दागिना स्वतःच बोलतो याची गंमत वाटली. आमच्या घरच्या तांब्यांवर नुसती नावं, तांब्या बिचारा गप्प.

विहीरवाला: वचन आणि हुकूम एकाच शब्दात कसे, याचं मला काही नवल वाटलं नाही. आपला ‘शब्द’ घ्या. शब्द देतात, आणि शब्दाबाहेर जात नाहीत. आजोबांनी चुलतभावाला विहिरीच्या पाण्याचा शब्द दिला होता, तोंडी. ते गेल्यावर कुणी कुरकुरलं की वडील एवढंच म्हणायचे, “दादांचा शब्द आहे.” तो त्यांना दिलेला की आम्हाला सोडलेला, कुणी विचारलं नाही. पाणी आठवड्यातून दोनदा जातं अजून.