मदत हवी आहे : मॉर्डहाउ या तलवारबाजीच्या व्हिडिओ गेममध्ये फेंट (खोटा वार) आणि ड्रॅग (मुद्दाम रेंगाळवलेला वार) अडवायचे कसे?

गंजकी_तलवार :
ड्युएल (एकास एक लढतींच्या) सर्व्हरवर लाँगसोर्ड वापरतो. साधे वार अडतात. पण मुरलेला खेळाडू समोर आला की पॅरी (वार अडवण्याची हालचाल) हमखास आधी पडते, आणि थांबावं तर वार बसलेला असतो. पिंग ४०-५०, म्हणजे दोष नेटचा नाही. रिअ‍ॅक्शन कमी पडतेय की पद्धत चुकतेय?

पट्टेवाला :
पद्धत. फेंट आणि ड्रॅग हे दोन वेगळे रोग आहेत, औषध एकच चालणार नाही.

वाराचे टप्पे तीन: वाइंडअप (हत्यार उगारणं), रिलीज (वार सुटणं), रिकव्हरी (वारानंतर सावरणं). फेंट आणि मॉर्फ (एक वार मध्येच दुसऱ्यात बदलणं) फक्त वाइंडअपमध्ये होतात. रिलीज सुरू झाला की वार मागे घेता येत नाही. त्यामुळे हत्यार उचललेलं दिसताच राइट क्लिक (पॅरी) दाबायचं नाही, ते पुढे यायला लागलं की दाबायचं.

ड्रॅग मात्र रिलीजमध्येच होतो. वार सोडल्यावर समोरचा उलट दिशेला वळतो, मागे झुकतो, आणि पातं रेंगाळत येतं. पॅरी क्षणभरच टिकते, फुकट गेली की लगेच दुसरी मिळत नाही. तोच गडी अंगावर येत वाराच्या दिशेने वळला तर अ‍ॅक्सेल: तोच वार, पण लवकर. म्हणून हातांकडे नको, पात्याच्या टोकाकडे बघा.

आणि पॅरी करताना नजरही टोकाकडेच हवी: ओव्हरहेडला (डोक्यावरून येणाऱ्या वाराला) वर, खालून आलेल्या वाराला खाली. वेळ बरोबर असूनही वार बसतो तो बहुधा नजर चुकल्यामुळे.

गंजकी_तलवार :
फेंटवर फेंट करणाऱ्याचं काय? चेंबर (वाराला तसाच वार घालून अडवणं) शिकू का?

मधली_फळी :
आधी पाय शिका. फेंटला स्टॅमिना (दम) लागतो, हुकलेल्या वारालाही लागतो. अर्धं पाऊल मागे, पल्ल्याबाहेर राहा. तो स्वतःच रिकामा होतो. स्टॅमिना संपलेला असताना त्याने पॅरी केली की त्याच्या हातातलं हत्यार उडतं. वैतागून मध्येच वार घालू नका, त्याचा घाव आधी लागला तर तुमचा वाइंडअप तुटतो.

चेंबरचे व्हिडिओ झकास दिसतात, पण त्यासाठी वार लागण्याच्या बेतात असताना त्याच बाजूने, त्याच कोनात तुमचा वार सुरू व्हायला हवा. भोसकण्याला भोसकणं सगळ्यांत सोपं. तेवढंच आधी घोटा.

पट्टेवाला :
सहमत. फक्त चेंबरलाही स्टॅमिना लागतो, तेव्हा टाकी तळाला असताना साधी पॅरी करून रिपोस्ट (पॅरीनंतर लगेचचा उलटा वार) द्या.