प्रतिसाद: कात की फुफ्फुसाचा संसर्ग?

तुमच्या बॉल पायथनचा (पाळीव अजगराचा) श्वास शिट्टीसारखा वाजतोय आणि वर एकांनी ‘कात टाकेपर्यंत थांबा’ असं सुचवलंय. कातेचा तुकडा नाकपुडीत अडकला की असा आवाज येतो, हे खरंच आहे. पण तुम्ही नाकाशी बुडबुडे दिसल्याचंही लिहिलंय, त्यावरून फुफ्फुसाच्या संसर्गाची शंका येते, म्हणून मी थांबणार नाही.

माझ्या पायथन मादीला हा संसर्ग झाला तेव्हा ती डोकं वर करून काचेला टेकवून बसायची. तोंड किंचित उघडं, आणि ओठांच्या कडेला लाळेची चिकट तार. सापाला आपल्यासारखं श्वासपटल (छाती आणि पोटामधला स्नायूंचा पडदा) नसतं, त्याला नीट खोकता येत नाही. त्यामुळे कफ आत साचत जातो आणि न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

आजच पेटीचं तापमान थर्मामीटरने मोजा, हाताने अंदाज नको. उबदार बाजू ३१ ते ३३ अंश सेल्सिअस हवी, थंड बाजू २५च्या खाली जायला नको. पण नुसत्या उबेने संसर्ग जात नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेला पशुवैद्यच गाठा. कफाचा नमुना तपासून मग अँटिबायोटिक ठरवलेलं उत्तम. सेफ्टाझिडीम या अँटिबायोटिकचं इंजेक्शन बहुधा दर ७२ तासांनी देतात. माणसांच्या गोळ्या कृपा करून देऊ नका. आणि दोन दिवसांत बरा वाटला तरी कोर्स अर्धवट सोडू नका.

पायथन असल्याने निडोव्हायरसची (पायथनना श्वसनाचा आजार करणाऱ्या विषाणूची) पीसीआर चाचणीही विचारा, या विषाणूवर अँटिबायोटिक चालत नाही. दुसरे साप असतील तर तोवर त्यांची भांडी, चिमटे वेगळे ठेवा.