ऑनलाइननंतर परत वर्गात बसताना काय जड गेलं? कोल्हापूरकरांनो, अनुभव लिहा

सागरमाळ :
माझी धाकटी बहीण दूरशिक्षणातून घरी बसून बी.कॉम. झाली आणि आता एम.कॉम.ला कँपसवर येतेय. रोज विचारते, ताई वर्गात जमेल का गं मला. आमच्या वेळी तर सगळ्यांचंच असं झालेलं, कोरोनात दीड वर्ष मोबाइलवर शिकलो, २० ऑक्टोबर २०२१ ला कॉलेजं उघडली तीही दोन डोस झालेल्यांनाच, जानेवारीत परत बंद, फेब्रुवारीत परत सुरू. तेव्हा शिवाजी विद्यापीठात नाहीतर शहरातल्या कॉलेजात जे होते त्यांनी मोकळेपणानं लिहा, तिला वाचायला देणार आहे.

माझं सांगते. मी केमिस्ट्रीची. टायट्रेशनचे, म्हणजे एक द्रावण दुसऱ्यात थेंब थेंब सोडून प्रमाण काढायच्या प्रयोगाचे, व्हिडिओ बघून बघून स्टेप्स तोंडपाठ होत्या, व्हायवाची, म्हणजे तोंडी परीक्षेची, उत्तरंही बरोबर. पण लॅबमध्ये डाव्या हातानं ब्युरेटचा (आकडे असलेल्या उभ्या काचनळीचा) कॉक, म्हणजे तोटी, सोडायचा आणि उजव्यानं फ्लास्क फिरवत राहायचा, ही दोन कामं एकदम करायला हातांना वेगळंच शिकवावं लागतं. शेवटी एकेक थेंब सोडायचा, फिनॉल्फ्थॅलिन या रंग दाखवणाऱ्या रसायनाचा फिका गुलाबी रंग आला आणि हलवूनही टिकला की थांबायचं, एक थेंब जास्त गेला की भडक. आता फिका म्हणजे किती फिका? स्क्रीनवर ते कुणालाच कळलेलं नव्हतं. आमच्या लॅबच्या मामांनी फ्लास्कखाली पांढरा कागद सरकवला आणि म्हणाले, आता बघ. तेव्हा दिसला तो रंग. प्रॅक्टिकलवाल्यांनी पहिले काही दिवस लॅबमध्ये जास्तीचा वेळ मागून घ्यावाच, मामा लोक नाही म्हणत नाहीत.

भोगावतीकाठ :
आमचं गाव राधानगरी रोडला, आत. लॉकडाऊनात रेंजसाठी माळावर जाऊन बसायचो. कॉलेज सुरू झालं म्हणून लई बरं वाटलं तोवर एसटीचा संप लागला, तो एप्रिल २०२२ पर्यंत. पास घरात पडून आणि आम्ही वडापला, म्हणजे माणसं भरून नेणाऱ्या खासगी जीपला. वडाप भरल्याशिवाय हलत नाही, रंकाळा स्टँडला उतरायचं, तिथनं विद्यापीठ म्हणजे शहराचं दुसरं टोक, केएमटी, म्हणजे शहराची बस, गाठेपर्यंत पहिलं लेक्चर संपलेलं. घरातली म्हणायची ऑनलाइनच बरं होतं की, धारा काढून लेक्चर ऐकत होतास. खोटं न्हवतं ते. आमच्याकडची दोन-तीन पोरं त्या संपात कॉलेजला यायचीच बंद झाली ती परत आलीच नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतंय.

मला दसरा चौकाजवळच्या बोर्डिंगात जागा मिळाली म्हणून मी टिकलो. १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंगपासनं शाहू महाराजांनी ही सोय लावली ती आमच्यासारख्या गावाकडच्या पोरांसाठीच, तिचा अर्थ मला त्या वर्षी कळला. ६ मे २०२२ ला महाराजांच्या स्मृतिशताब्दीला सकाळी १० वाजता १०० सेकंद सगळं जागच्या जागी थांबलं तवा मी चौकातच होतो, पुतळ्यापाशी. दोन वर्षं माळावर एकट्यानं काढल्यावर एवढ्या माणसांत उभं राहिलो, छाती भरून आली. बहीण बाहेरगावची असेल तर होस्टेलचं आधी बघा, अभ्यासाचं मग.

तिसरा बाक :
लिखाण! यावर कुणीच बोलत नाही. ऑनलाइन परीक्षा म्हणजे एमसीक्यू, टिचकी मारली की झालं, आणि २०२२ च्या उन्हाळ्यात एकदम पेपर हातानं लिहायचे. अर्ध्या तासात अंगठ्याचं मूळ ठणकायला लागायचं, अक्षर असं व्हायचं की मलाच वाचता येईना, आणि मुद्दे डोक्यात असूनही वाक्य जुळायचं नाही. ऑनलाइन परीक्षा घ्या म्हणून मागणी करणाऱ्या मुलांना लोक आळशी म्हणाले, मला ते पटलं नाही, त्यातल्या कितीतरी जणांचा हातच चालत नव्हता. उपाय एकच, रोज एक जुना प्रश्न घड्याळ लावून शाईनं लिहून काढायचा. विद्यापीठाच्या खर्डेकर लायब्ररीत बसून लिही म्हणावं, तिथं आजूबाजूला सगळेच मान खाली घालून बसलेले असतात, आपोआप लिहिणं होतं.

खडूचा हात :
मी शिकवणारा आहे, पण लिहितो. ऑनलाइनला जी मुलं चॅटमध्ये भराभर शंका टाकायची तीच वर्गात गप्प. शंका नव्हत्या असं नाही हो, चाळीस जणांसमोर स्वतःचा आवाज काढायची भीती. त्यात मास्क, मला आवाज ओळखीचे आणि चेहरे अनोळखी. मग मी तास संपताना चिठ्ठ्या घ्यायला लागलो, नाव नको, फक्त शंका लिहा. दुसऱ्या दिवशी तासाची सुरुवात त्या चिठ्ठ्यांनी. हळूहळू एकेक जण म्हणायला लागला, सर ती माझी चिठ्ठी. तिथून बोलणं सुटलं. तुमच्या बहिणीला वर्गात विचारायला जमत नसेल तर तास झाल्यावर दाराशी गाठायला सांगा, आम्हाला त्याचा त्रास होत नाही, उलट बरं वाटतं.

गंगावेस :
मी थोडं उलटं लिहिते. मला एका कानानं कमी ऐकू येतं, आणि ऑनलाइनचं रेकॉर्डिंग माझ्यासाठी वरदान होतं. न कळलेलं वाक्य मागे नेऊन परत ऐकायचं, कुणाला विचारायला नको. वर्गात फॅनची घरघर आणि फळ्याकडे तोंड करून बोलणं, त्यात निम्मं जायचं. एका विषयाच्या शिक्षकांना सांगूनही काही फरक पडला नाही. दुसऱ्या मॅडमनी मात्र मला पहिल्या बाकावर बसवलं आणि फळ्याकडून वळून बोलायची सवय लावून घेतली, त्या विषयात मला सगळ्यात चांगले मार्क पडले. ऑनलाइनमधलं जे चांगलं होतं ते ठेवायला काय हरकत होती, हे मला आजही विचारावंसं वाटतं.

सागरमाळ :
सगळं वाचून दाखवलं तिला. बोर्डिंगचा प्रश्न नाही, आम्ही राजारामपुरीतच राहतो. चिठ्ठीचं तिला फार आवडलं. लिहायची वही आजच आणलीय. एम.कॉम.वाले कुणी असतील तर पहिल्या सेमिस्टरला कुठला पेपर वेळखाऊ जातो तेवढं लिहा.