निसा १५७ : क्रूसावर नेमकं कोण होतं?

निर्विकल्प
येशू ख्रिस्त आणि हजरत ईसा ही एकच व्यक्ती, हे दोन्ही धर्मांना मान्य आहे. कुमारी मरियमच्या पोटी जन्म, मसीह ही पदवी, आजाऱ्यांना बरं करणं, शेवटच्या काळात परत येणं, इथवर फारसं भांडण नाही. फाटा फुटतो तो एका शुक्रवारी. बायबलमधली चारही शुभवर्तमानं (येशूची चरित्रं) सांगतात की रोमन सुभेदार पंतय पिलाताच्या हुकमाने त्याला क्रूसावर खिळलं, तो मेला, त्याला पुरलं आणि तिसऱ्या दिवशी तो उठला. कुरआनात सूरह निसाची १५७ वी आयत सांगते की त्यांनी (म्हणजे यहूद्यांनी) त्याला ना ठार केलं, ना सुळावर दिलं, त्यांना तसं भासवलं गेलं. १५८ वी सांगते की अल्लाहने त्याला आपल्याकडे उचलून घेतलं.

माझं म्हणणं एवढंच की 'त्याच्या जागी दुसऱ्याच माणसाला चढवलं' हे वाक्य आयतीत नाही. ते तफसीरांतून, म्हणजे कुरआनावरच्या भाष्यांतून, आलंय, आणि तिथेही एकवाक्यता नाही. भाष्यकार तबरीने (मृत्यू ९२३) एकाहून अधिक कथने नोंदवली आहेत. एकात घरातल्या सगळ्याच सोबत्यांचे चेहरे ईसांसारखे होतात, दुसऱ्यात एक जण आपणहून पुढे येतो. नंतरचा भाष्यकार इब्न कसीर पैगंबरांचे सोबती इब्न अब्बास यांच्या नावावर जे कथन देतो ते तर फारच बारकाईचं आहे: ईसा बारा सोबत्यांसमोर येतात, डोक्यावरून पाणी ठिबकतंय, माझं रूप कोण घेईल असं विचारतात, सगळ्यांत लहान पोरगा उठतो, त्याला बसायला सांगतात, तो पुन्हा उठतो. मग त्याच्यावर ते रूप चढतं आणि ईसा घराच्या झरोक्यातून वर उचलले जातात.

शिवाय फख्रुद्दीन राझी (मृत्यू १२१०) स्वतःच शंका काढतो: एकाचं रूप दुसऱ्यावर चढू शकत असेल, तर समोरचा झैद (कोणीही एक माणूस) झैदच आहे याची खात्री काय? साक्ष, निकाह, व्यवहार, सगळंच डळमळेल. इतका मोठा भाष्यकार ही अडचण मांडतो, तेव्हा ती विरोधकांची खोडी म्हणून झटकता येत नाही.

तफसीरप्रेमी
राझीचं अर्धंच उद्धृत केलंत. तो शंका काढतो आणि उत्तरंही देतो; आधी पूर्वपक्ष मांडायचा ही त्याची पद्धतच आहे. त्याचं एक उत्तर असं: एखादी बातमी खात्रीची तेव्हाच, जेव्हा प्रत्येक पिढीत, अगदी पहिल्या टप्प्यातही, ती सांगणारे भरपूर असतात. क्रूसाच्या बातमीचा धागा मागे नेला की मूठभर माणसांपाशी येऊन थांबतो.

ही मूठभर माणसं कोण, ते मार्कच सांगतो (१४:५०): अटकेच्या वेळी सगळे शिष्य सोडून पळाले. बरं, जे लिहिलंय त्यात तरी मेळ आहे का? मार्क म्हणतो तिसऱ्या ताशी, म्हणजे सकाळी नऊच्या सुमारास, क्रूसावर दिलं (१५:२५). योहान म्हणतो सहाव्या ताशी, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास, पिलात अजून न्यायासनावरच बसलेला आहे (१९:१४). पहिल्या तीन शुभवर्तमानांत आदल्या रात्रीचं जेवण वल्हांडण या यहुदी सणाचं आहे. योहानात वल्हांडण अजून व्हायचं आहे.

आणि 'मुसलमान ईसांचा मृत्यूच नाकारतात' असा जो सरसकट समज आहे तोही चूक. हदीसनुसार (पैगंबरांच्या वचनांच्या परंपरेनुसार) हजरत ईसा (अ.) दमिश्कच्या पूर्वेकडच्या पांढऱ्या मिनाराजवळ उतरतील, क्रूस मोडतील, दज्जालला (शेवटच्या काळातल्या तोतया मसीहाला) मारतील आणि मग इतर माणसांसारखेच मरण पावतील. सूरह मरियमची ३३ वी आयत, 'ज्या दिवशी मी मरेन', ती याच मृत्यूबद्दल. म्हणजे वाद मृत्यू आहे की नाही याचा नाही. तो कधी, आणि कुणाच्या हातून, याचा आहे.

करिंथकर
मार्क १४:५० वाचलंत तसं १५:४० सुद्धा वाचा. मग्दालीया मरीया, याकोब आणि योसे यांची आई मरीया, सलोमी, अशी नावं घेऊन साक्षीदार दिलेत, आणि त्या काळी बायकांच्या साक्षीला वजन नव्हतं. पुढे १५:४४ बघा: इतक्या लवकर मेला याचं पिलातालाच नवल वाटतं. तो शताधिपतीला बोलावून विचारतो, खात्री झाल्यावरच अरिमथाईकर योसेफाला देह देतो. योहानात (१९:३३-३४) शिपाई बाकी दोघांचे पाय मोडतात, याचे मोडत नाहीत, कुशीत भाला भोसकतात. मृत्यू पडताळून पाहण्याची ही सरकारी पद्धत आहे, भक्तांची भाबडी आठवण नव्हे.

तासांत फरक आहे, मान्य. पण संगनमताने रचलेल्या साक्षीत आधी वेळा जुळवून घेतात. दिवस शुक्रवार, सुभेदार पिलात, शिक्षा क्रूस, परिणाम मृत्यू, यावर चौघांत कुठेही फरक नाही.

त्याहून महत्त्वाचं: शुभवर्तमानांच्या आधीचा पुरावा आहे. आद्य ख्रिस्ती प्रचारक पौलाचं करिंथकरांस पहिलं पत्र साधारण ५५ सालचं. त्याच्या १५ व्या अध्यायात तो म्हणतो की ख्रिस्त मेला, पुरला गेला, उठवला गेला, हे मला सांगितलं गेलं तेच मी तुम्हाला सांगितलं. म्हणजे घटनेनंतर वीस-पंचवीस वर्षांच्या आतच ही ठरलेली शिकवण होती. आणि बायबलमधल्या 'अनुवाद' या पुस्तकाच्या २१:२३ प्रमाणे झाडाला टांगलेला माणूस शापित. असल्या मरणाचा मसीह यहूद्यांपुढे न्यायचा म्हणजे स्वतःच्या पायावर धोंडा. मनाने रचायचंच असतं तर कोणी हे रचलं नसतं.

राहता राहिला 'अल्लाह आपल्या पैगंबराला असं मरू देणार नाही' हा नेहमीचा युक्तिवाद. तो कुरआनच टिकू देत नाही. निसा १५७ च्या दोनच आयती वर, १५५ मध्ये, पैगंबरांना नाहक ठार केल्याचा आरोप आहे. आधीचे मारले जाऊ शकतात, मग यांनाच वेगळा न्याय का?

तफसीरप्रेमी
तो युक्तिवाद मी केलेलाच नाही. पैगंबर मारले गेले हे कुरआन सांगतंच. ईसांच्या बाबतीत घडलं नाही, हेही तेच सांगतं. विशिष्ट विधान आलं की सर्वसाधारण नियम मागे पडतो. १५५ उलट माझ्या बाजूचं आहे: इतरांच्या हत्या थेट कबूल करणारा मजकूर दोन आयतींनंतर इथे ठाम नकार देतो, म्हणजे तो नकार लाक्षणिक नाही.

काथ्याकूट
दोन्ही ग्रंथांच्या बाहेरचा पुरावा कोणी आणलाच नाही, म्हणून ही भर. रोमन इतिहासकार टॅसिटस साधारण ११६ साली लिहितो की टायबेरियसच्या राजवटीत पिलाताने ख्रिस्ताला मृत्युदंड दिला. टॅसिटसला ख्रिश्चनांचा तिटकारा होता, त्यांच्या सोयीचं लिहायचं त्याला कारण नव्हतं. यहुदी इतिहासकार जोसेफसचा येशूबद्दलचा उताराही सर्रास दाखवला जातो, पण त्यात नंतर कोणीतरी हात घातलाय, त्यावर फार भिस्त नको. इतिहासाच्या बाजूने म्हणाल तर क्रूसावरचा मृत्यू हा येशूच्या चरित्रातला सर्वांत भक्कम मुद्दा आहे. पुनरुत्थान इतिहासाच्या साधनांनी सिद्ध होत नाही, हे करिंथकरांनीही लक्षात ठेवावं.

बदलीचा माणूस ही कल्पना मात्र इस्लामच्या बरीच आधीची. चर्चचा धर्मगुरू इरेनियस १८० च्या सुमारास बासिलिदेस नावाच्या ज्ञानवादी (नॉस्टिक) गुरूचं मत म्हणून सांगतो की क्रूस वाहायला लावलेला कुरेनेकर शिमोनच येशूच्या रूपात खिळला गेला आणि येशू बाजूला उभा राहून हसत होता. यावरून 'कुरआनाने उचललं' म्हणणारे घाई करतात. बासिलिदेसला दैवी पुरुषाला वेदना नको होत्या. कुरआनात ईसा पूर्ण माणूस आहेत, जेवणखाण करणारे. निष्कर्ष सारखा दिसला तरी कारणं एकमेकांच्या उलट आहेत.

आणि कृपा करून बर्नबासचं शुभवर्तमान आणू नका. (कोणीतरी आणणारच, म्हणून आधीच.) त्यात यहूदाला येशूच्या जागी चढवलंय खरं, पण त्याची इटालियन हस्तलिखित प्रत सोळाव्या शतकाच्या आगेमागची आहे. त्यात ज्युबिली वर्ष (सुटकेचं, माफीचं खास वर्ष) दर शंभर वर्षांनी येतं. मोशेच्या नियमात ते पन्नासावं वर्ष. शंभराचा हिशेब पोप आठव्या बोनिफासने १३०० साली सुरू केला. वर त्यात येशू स्वतःच 'मी मसीह नाही' म्हणतो, जे कुरआनाच्याच विरुद्ध आहे.

उंबरठा
क्रूसावरून जिवंत उतरवलं असेल, ही शक्यता कोणीच का धरत नाही? अहमदिया जमात या पंथाचं तेच मत आहे ना, श्रीनगरच्या रोजाबलमधल्या, ईसांची मानलेल्या कबरीसकट?

काथ्याकूट
आहे, पण सुन्नी, शिया आणि चर्च तिघांनाही ते नामंजूर. वैद्यकीय बाजूने जोसेफसचं आत्मचरित्र पाहा: क्रूसावर टांगलेले ओळखीचे तिघे दिसल्यावर तो रोमन सेनापती तीतसकडे रदबदली करतो, त्यांना उतरवून उपचार होतात, तरी दोघे दगावतात. वाचणं अशक्य नाही, पण ते वरून हुकूम आणि वैद्य दोन्ही मिळाल्यावर.

निर्विकल्प
मूळ मुद्द्यावर येतो. १५७ ची सुरुवात कशी आहे? 'आम्ही मसीह ईसा इब्न मरियमला मारलं' या बढाईने. नकार त्या बढाईला आहे. बद्रच्या लढाईबद्दल सूरह अन्फालच्या १७ व्या आयतीत हीच घडण दिसते: तुम्ही त्यांना मारलं नाही, अल्लाहने मारलं. तिथे लढाई झाली नाही असं कोणी म्हणत नाही. कर्तेपण काढून घेतलंय. दहाव्या शतकातल्या बसऱ्याच्या इख्वान अस्-सफा या तत्त्वचिंतक मंडळींनी ईसांचा देह क्रूसावर गेला हे मान्य केलं होतं, काही इस्माईली (शियांचा एक पंथ) लेखकांनीही. म्हणजे हे वाचन बाहेरून घुसवलेलं नाही.

करिंथकर
हे वाचन मानलं तरी तिढा सुटत नाही. आमच्या दृष्टीने येशू मेला एवढंच पुरेसं नाही, तो आमच्या पापांसाठी मेला. सूरह अनआमची १६४ वी आयत म्हणते की कोणी दुसऱ्याचं ओझं वाहत नाही. क्रूस ऐतिहासिक मानून वर ही आयतही तशीच राहिली, तर हाती उरतो एका सज्जनाचा खून.

तफसीरप्रेमी
करिंथकरांशी सहमत, वेगळ्या कारणासाठी. निर्विकल्प, अन्फाल १७ मध्ये पुढचे शब्द वाचा: 'तू फेकलंस तेव्हा तू फेकलं नाहीस.' म्हणजे कृती घडल्याची कबुली त्याच आयतीत आहे. निसा १५७ मध्ये अशी कबुली शोधून दाखवा. तिथे ठार करणं आणि सुळावर देणं, दोन्ही वेगवेगळे नाकारलेत, नाकारून झाल्यावर 'निश्चितच मारलं नाही' असं पुन्हा बजावलंय. इख्वान अस्-सफांना सुन्नी परंपरेने भाष्यकार म्हणून कधी धरलं नाही. तबरीपासून इब्न कसीरपर्यंत कोण चढवला गेला यावर मतं वेगळी, ईसा चढवले गेले नाहीत यावर एकच.