घरात उंदीर, मागे घुशी आणि सासूबाईंच्या टाचांना भेगा. लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या लघवीतून पसरणारा ताप) भीती किती? मदत हवी आहे

मंडळी, जरा घाईतच लिहितेय. आम्ही शुक्रवार पेठेत तळमजल्याला राहतो, शेजारचा वाडा पाडून प्लॉट नुसताच पडलाय आणि पाऊस लागल्यापासून तिथला सगळा गोतावळा आमच्याकडे मुक्कामाला. कांदे-बटाटे तर सोडाच, देवापुढच्या तुपातल्या फुलवातीपण पळवतात. परवा गॅसच्या नळीवर दातांच्या बारीक खुणा दिसल्या, नारंगी रबर जाऊन आतली तार उघडी, ती लगेच बदलली.

खरी काळजी आईंची (सासूबाई). मागच्या दारी नळावर त्या अनवाणी भांडी विसळतात, टाचांना खोल भेगा, आणि तिथेच चेंबर, रात्रभर घुशींची ये-जा, ते तुंबलं की पाणी पार उंबऱ्यापर्यंत. चपला घाला म्हटलं की ‘आमचा जन्म असाच गेला.’ शिवाय सकाळी लेंड्या केरसुणीने खसाखसा झाडतात, धुरळा उडतो आणि तिथेच आमचं बाळ रांगतं. तर भेगांमधून लेप्टो खरंच होतो का, आधीच गोळी घ्यावी का, उंदीर चावला तर रेबीजचं इंजेक्शन लागतं का? नवरा ट्यूबमधली उंदीर मारायची पेस्ट पोळीला लावून ठेवू म्हणतोय, मला धास्ती वाटते.

प्रतिसाद:
होतो. जंतू उंदीर-घुशींच्या लघवीतून पाण्यात, चिखलात येतात आणि भेगा, खरचटलेली जागा, डोळे, तोंड यातून शिरतात, ओलीत कित्येक आठवडे टिकतात. ताप साधारण 5 ते 14 दिवसांत येतो, कधी महिनाही लागतो. अचानक ताप, डोळे लाल आणि पोटऱ्या दाबल्या तरी कळ, असं झालं तर व्हायरल म्हणून घरी बसू नका, डॉक्टरांना घुशींचं आपणहून सांगा, पावसाळ्यात सगळे आधी डेंग्यूच धरून चालतात. डोळे पिवळे किंवा लघवी कमी झाली तर सरळ हॉस्पिटल. डॉक्सिसायक्लिन ही अँटिबायोटिक गोळी पुराच्या पाण्यात उतरणाऱ्यांना आधी देतात, पण ते डॉक्टरांनीच ठरवायचं, मेडिकलमधून परस्पर आणू नका. आईंना प्लास्टिकचे बंद बूट आणा, चपलेने भागणार नाही.
लेंड्या कोरड्या झाडायच्या नाहीत. खिडक्या उघडा, हातमोजे घाला, ब्लीच एक भाग नि पाणी दहा भाग शिंपडून पाच मिनिटं भिजू द्या, मग कागदाने उचला.
घरातला उंदीर चावला तर रेबीजची लस साधारणपणे लागत नाही. पण जखम साबणाने पंधरा मिनिटं धुवा, धनुर्वाताचं इंजेक्शन बघा, आणि नंतर ताप आला तर चावल्याचं सांगा, त्याचा वेगळा ताप असतो.

प्रतिसाद:
पेस्ट अजिबात नको!! त्यात पिवळा फॉस्फरस असतो, पोटात गेला तर उलट्या होऊन एखाददोन दिवस बरं वाटतं आणि मग लिव्हर जातं, त्यावर उतारा नाही. रांगतं बाळ घरात आहे. केकसारख्या गोळ्यांनी रक्तस्राव होऊन उंदीर चार दिवसांनी माळ्यावर कुठेतरी मरतो, मग बसा वास शोधत. पिंजरा लावा, आत भजी.
आणि येण्याची वाट बंद करा, नाहीतर कितीही पकडा. उंदराला पेन्सिल जाईल एवढी फट पुरते. नहाणी ट्रॅपला (मोरीतलं पाणी जायच्या भोकाला) जाळी, पाइपाभोवती तारेची घासणी कोंबून वर सिमेंट, दाराखाली पत्र्याची पट्टी. नुसतं सिमेंट ओलं असतानाच उकरतात, अनुभव आहे.

धागाकर्ती:
खूप आभार. बूट आणलेत, आई ‘मी काय शेतावर चाललेय का’ म्हणाल्या पण घातले. काल भजी लावली तर पिंजऱ्यात चिचुंद्री! हिचं काय करू?

प्रतिसाद:
चिचुंद्री म्हणजे उंदीर नव्हे, झुरळं खाते. पण लेप्टोचे जंतू तिच्यातही असू शकतात, हात न लावता लांब सोडा आणि पिंजरा ब्लीचने धुवा. आणि चेंबरच्या झाकणाची महापालिकेकडे तक्रार नोंदवून टोकन नंबर घ्या, घुशी तिथूनच येत असणार.